चार भोकांचे तारे

दार धाडकन उघडलं तेव्हा तिच्या दोन्ही हातांत जुन्या फिल्मचं भेंडोळं होतं, मऊ ब्रश दातांत धरलेला होता, आणि वाऱ्याबरोबर रस्त्यावरची सगळी धूळ आत यायला निघाली होती.

"दाव वावा," ती ब्रशाआडून म्हणाली.

दारातल्या उंच माणसाने मान तिरकी केली. "काय वावा?"

तिने ब्रश टेबलावर थुंकल्यासारखा सोडला. "दार लावा. लवकर."

त्याने दार लावलं. दार पुन्हा उघडलं. त्याने पुन्हा लावलं. दाराने पुन्हा त्याला वेडावून दाखवलं.

"याला कडी नाहीये. मूठसुद्धा नाहीये," तो म्हणाला.

"माहीत आहे. आतून कडेला बोटं अडकवायची आणि ओढून धरायचं."

"किती वेळ?"

"माझं रीळ गुंडाळून होईपर्यंत."

मग तो बिचारा दार धरून उभा राहिला. आणि वारा तरी कसला... त्या दिवशी कोपऱ्यावरच्या न्हाव्याचं गिऱ्हाईक म्हणे अर्धी दाढी झालेली असतानाच उडालं आणि उरलेली अर्धी त्याने पुढच्या चौकात उतरून करून घेतली. अशा वाऱ्याशी हा काठीसारखा माणूस झुंजत होता. कानामागे लाल पेन्सिल, नाकावर घसरलेला चष्मा, आणि डाव्या बाहीचं बटण एकाच दोऱ्यावर लोंबत होतं, घड्याळाच्या लंबकासारखं. तिने रीळ जरा सावकाशच गुंडाळलं. का, ते तिचं तिलाच ठाऊक.

"बाहेरच्या पाटीवर 'संग्राहलय' लिहिलंय," तो दारापासूनच म्हणाला. "'संग्रहालय' हवं."

"इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही."

"माझ्या आलं."

"म्हणजे तुम्हीच ते खोटकाढे," ती म्हणाली. आणि हसू आवरायला तिला पुन्हा ब्रश दातांत धरावा लागला.

खोटकाढे हे त्याचं आडनाव नव्हे, पण आता तेच चिकटलं होतं. पोटापाण्यासाठी तो एका छापखान्यात मुद्रितं तपासायचा. लोक म्हणत, उडत्या पाखराच्या शेपटीतलं वाकडं पीस हा खालून ओळखतो. पण त्याचा जीव होता 'शुक्रस्वारी' या जुन्या मालिकेत. काळ्यापांढऱ्या टीव्हीच्या जमान्यात पुठ्ठ्याच्या यानात बसून सात जण शुक्रावर गेले होते, आणि अख्खी पिढी त्यांच्याबरोबर जाऊन आली होती. लहानपणापासून हा त्या मालिकेतल्या चुका शोधत होता. आता वाहिनीने ती मालिका स्वच्छ करून पुन्हा दाखवायची ठरवली, तेव्हा वाहिनीच्या या फिल्म-संग्रहालयाच्या प्रमुख थोरल्या बाईंनी त्यालाच बोलावून घेतलं. त्याने चूक दाखवायची, संगणकावर ती पुसून टाकायची. आणि पुसणारी होती ही, फिल्मवरचे डाग, ओरखडे, बुरशी, सगळं हलक्या हाताने काढणारी.

दुसऱ्या दिवसापासून तो तिच्या शेजारच्या स्टुलावर बसू लागला. चूक दिसली की तो जिभेने एक बारीकसा आवाज करी, "च्". पाल चुकचुकावी तसा.

"च्. यान अधांतरी आहे, पण कपातला चहा कपातच."

"चांगल्या वळणाचा चहा असेल," ती म्हणे.

"च्. कॅप्टनने शिरस्त्राणातून नाक खाजवलं. काच कुठे आहे?"

"नाकाला खाज आली की माणूस काच बघत बसत नाही."

"तुम्ही प्रत्येक चुकीची वकिली का करता?"

"तुम्ही प्रत्येक चुकीला फाशी का देता?"

त्याने चष्मा पुसला. बटण लोंबकळलं. तिला वाटलं, सांगावं... मग वाटलं, राहू दे. जगाच्या चुका काढणाऱ्याची एक चूक तरी आपल्या एकटीची असू दे.

भिंतीवर एक पाटी होती, तिच्याकडे त्याचं लक्ष पहिल्याच दिवशी गेलं होतं. 'या खोलीत "टाका" म्हणू नये. "घाला" म्हणा किंवा "काढा" म्हणा.'

"हे काय प्रकरण आहे?"

"पूर्वी एका निर्मात्याने फोनवर सांगितलं, 'नायकाचे प्रसंग टाका.' त्याला म्हणायचं होतं, घाला. इथल्या माणसाने काढून टाकले. भाग तसाच दाखवला गेला. नायिका सबंध वेळ रिकाम्या खुर्चीशी बोलतेय, भांडतेय, शेवटी खुर्चीच्याच गळ्यात पडून रडतेय."

"आणि मग?"

"मग काय, बक्षीस मिळालं. सगळ्यांना. नायक सोडून."

तो हसला. पहिल्यांदाच. त्याचं हसू मोठं विचित्र होतं, आधी डोळ्यांत यायचं, मग बराच वेळ कुठेतरी रस्ता चुकायचं आणि शेवटी ओठांवर पोहोचायचं. ती त्या हसण्याची वाट बघत बसली, आणि तेवढ्यात संगणकावरचा एक ओरखडा पुसायचा राहून गेला. तो त्याने लगेच दाखवला, हे सांगायला नकोच.

एका दुपारी मात्र तो चुकचुकला नाही.

यानाच्या खिडकीतून आकाश दिसत होतं. वर्षानुवर्षांची धूळ साचून ते राखेसारखं झालं होतं. ती एकेक थर काढत गेली... आणि काळोख स्वच्छ होत गेला, खोल होत गेला, आणि त्यातून तारे वर आले. आधी ठिपके. मग गोल. मग त्या गोलांत काहीतरी.

तो पुढे झुकला. तीही झुकली. दोघांची डोकी जवळजवळ टेकली.

प्रत्येक मोठ्या ताऱ्याला चार भोकं होती.

"बटणं," तो कुजबुजला. "ही... बटणं आहेत. काळ्या कापडावर शिवलेली."

लहानपणी ज्या आकाशाकडे बघून त्याचा श्वास अडला होता, ते शर्टाच्या बटणांचं निघालं. दुसरा माणूस निराश झाला असता. पण त्याच्या चेहऱ्यावर तर देवळाचा गाभारा उघडल्यासारखं काहीतरी पसरलं होतं. कुणीतरी आकाश शिवलं होतं. सुईदोऱ्याने. एकेक तारा हातात घेऊन.

"च् नाही केलंत?" तिने हळूच विचारलं.

"ही चूक नाहीये," तो म्हणाला. "म्हणजे... आहे. पण मला जरा वेळ द्या."

ती बटणं तिने घरी पाहिली होती, मावशीच्या डब्यात.

माय मरो पण मावशी जगो म्हणतात, तसं तिला मावशीनेच वाढवलेलं. मावशी शिवणकाम करायची, आणि मशीनच्या आवाजावर एकीवर एक थापा मारायची. एकदा तिने शिवलेला झगा म्हणे इतका हलका झाला की नवरीला पायात दगड बांधून मांडवात आणावं लागलं. आणि सगळ्यांत मोठी थाप ठरलेली, "मी शुक्रावर जाऊन आलेय. तिथले तारे मी लावलेत. आणि वादळात यानाचं दार मी धरलं नसतं ना, तर एकही जण परत आला नसता."

घरादाराने यावर हसून घेतलं होतं. मामा तर आला की पहिलं विचारायचा, "काय ताई, शुक्रावर आज ऊन की ढग?" मालिकेच्या नामावलीत मावशीचं नाव नव्हतं, एक फोटो नव्हता. मोठी झाल्यावर हीसुद्धा हसायला लागली होती. हळूहळू मावशीने ती गोष्ट सांगणंच सोडलं.

त्या संध्याकाळी तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "मावशी, शुक्रावरच्या ताऱ्यांना भोकं किती गं?"

मशीन थांबलं. मावशीने चष्म्यावरून बघितलं.

"जवळच्यांना चार. दूरच्यांना दोन. लहान बटणं दूरची." मग मावशी पुन्हा मशीनकडे वळली. "असं मला वाटतं बाई. आता माझंच मला खरं वाटत नाही."

ते शेवटचं वाक्य तिला रात्रभर सुईसारखं बोचत राहिलं.

वादळाचा भाग सगळ्यांत शेवटी आला. सगळ्या मालिकेतली सगळ्यांत मोठी चूक याच भागात होती, आणि तिच्यावर चाहत्यांची डोकी फुटायची बाकी राहिली होती. सातही जण यानाबाहेर पडतात. वादळ येतं. यानाचं दार उघडं, आत कुणीही नाही. आणि तरी ते दार आतून ओढलं जातं, घट्ट बंद होतं. यान वाचतं. सगळे घरी परततात. दार आतून कुणी लावलं? कुणी म्हणे, भूत. कुणी म्हणे, आठवा प्रवासी. त्याने स्वतः शाळेत असताना वाहिनीला पत्र लिहून विचारलं होतं. उत्तर आलं नव्हतं.

"जुन्या टीव्हीत चित्राच्या कडा कापल्या जायच्या," ती म्हणाली. "फिल्मवर मात्र सगळी चौकट असते. बघू या."

डाव्या कडेला बुरशीचा मोठा डाग होता. ती तो पुसू लागली. तो श्वास रोखून बसला होता; ती तर श्वास घ्यायलाच विसरली होती. डाग विरळ झाला. दाराची कड दिसली. आणि कडेवर... बोटं.

चार बोटं. कडेला अडकवून दार ओढून धरणारी. एका बोटावर काहीतरी चमकत होतं.

"च्," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "सापडलं. अहो, सापडलं. आयुष्यभर मी... कामगाराचा हात आलाय चौकटीत. पुसायला सोपा आहे. पुसलात की झालं."

तिने चित्र मोठं केलं. चमकत होतं ते अंगुस्तान, सुई टोचू नये म्हणून शिवणारे बोटात घालतात ते टोपण. आणि करंगळी बाहेरच्या बाजूला वाकलेली. त्या वाकड्या करंगळीला धरून ती शाळेत गेली होती.

"हा कामगाराचा हात नाही," ती म्हणाली. "ही माझी मावशी आहे."

मग तिने सगळं सांगितलं. थापा, मामाचं हसणं, तिचं स्वतःचं हसणं. तो ऐकत होता, पण नजर त्या बोटांवरून हलत नव्हती.

"हा हात पुसला," ती म्हणाली, "तर मावशी कायमची खोटी ठरेल."

त्याने कानामागची लाल पेन्सिल काढून हातात घेतली. "मला चुका दाखवायला बोलावलंय. आजवर एकही दिसलेली चूक मी... सोडलेली नाही. उद्या थोरल्या बाई बघायला येतील. त्यांना मी काय सांगू?"

"खरं तेच सांगा," ती म्हणाली आणि हातमोजे काढू लागली. "तेच तर तुमचं काम."

तो उठला. दारापाशी थांबला. वारा नव्हता, तरी त्याने दाराच्या कडेला बोटं अडकवली आणि स्वतःच्याच बोटांकडे बघत राहिला.

"तुमच्या मावशी घरी कधी असतात?" त्याने विचारलं.

"नेहमीच. का?"

"बाहीचं बटण निघत आलंय," तो म्हणाला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी थोरल्या बाई आल्या, आणि त्यांच्या मागोमाग, इस्त्रीची साडी नेसून, हातात बटणांचा जुना डबा घेऊन, मावशी. पाठीमागे दार धरून हा.

"मावशी? तू इथे कशी?"

"हे घ्यायला आले होते. सकाळपासून माझ्या मागे लागलेत, दार आत उघडायचं की बाहेर, पंखा कुठल्या बाजूला होता, कॅप्टनच्या शिरस्त्राणाला काच का नव्हती. म्हटलं, त्याच्या श्वासाने काच धुरकट व्हायची, मीच उसवून काढली. पोलीस बरे गं बाई, निदान चहा तरी देतात."

"आणि दाराचं?" थोरल्या बाईंनी विचारलं.

"दाराला कडीच नव्हती. वादळाचा पंखा लावला की उघडायचं. सुताराला ताप आलेला. मी आतून धरलं. सोडलं असतं तर अख्खा शुक्र कॅप्टनच्या डोक्यावर पडला असता. पुठ्ठ्याचाच होता म्हणा, पण कॅप्टन त्याहून नाजूक."

खोली अंधारी झाली. भाग सुरू झाला. आकाश आलं, एकेक तारा लखलखीत, जवळचे चार भोकांचे, दूरचे दोन. मावशी खुर्चीच्या कडेला सरकली. वादळ आलं. सात जण बाहेर पडले. दाराच्या कडेवर बोटं उमटली, अंगुस्तान चमकलं, दार बंद झालं.

जिच्या तोंडाला कधी उसंत नसायची ती मावशी, पडद्यावरच्या बोटांकडे आणि मांडीवरच्या बोटांकडे आळीपाळीने बघत राहिली. मग खूप हळू म्हणाली, "मी खरंच होते की गं तिथे."

भाचीने तिचा हात हातात घेतला. वाकडी करंगळी तेवढीच वाकडी होती.

थोरल्या बाईंनी दिवा लावला. "हात दिसतोय मला," त्या खोटकाढेकडे वळल्या. "सगळ्यांना दिसेल. बोला. ही चूक आहे की नाही?"

ती त्याच्याकडे बघत नव्हती. बघवतच नव्हतं. तिने टेबलावरचा ब्रश उगाच सरळ करून ठेवला, मग पुन्हा वाकडा केला.

"नाही," तो म्हणाला.

"नाही?"

"चूक आधी होती. आत कुणी नसताना दार लागत होतं, ती चूक. आता दिसतंय की आत कुणीतरी आहे. दार धरून उभं आहे." त्याचा आवाज जरा हलला. "हा हात म्हणजे चूक नव्हे, बाई. इतकी वर्षं जे भोक होतं ना गोष्टीत... ते बुजलंय."

"मग या हाताचं मी काय करू?"

"टाका," तो म्हणाला.

सगळ्यांनी भिंतीवरच्या पाटीकडे बघितलं.

"इथे तो शब्द चालत नाही," थोरल्या बाई म्हणाल्या. "घाला की काढा?"

"दोन्ही नाही. शिवणातला टाका म्हणतोय मी. सगळी गोष्ट त्या एका टाक्यावर उभी आहे. उसवू नका."

थोरल्या बाईंनी त्याच्याकडे, मग तिच्याकडे, मग पुन्हा त्याच्याकडे बघितलं. त्यांनी केस काही उन्हात पांढरे केले नव्हते. "राहू दे हात," त्या म्हणाल्या. "आणि नामावलीत मावशींचं नाव जाईल. काय म्हणून घालायचं? वेशभूषा?"

"आठवा प्रवासी," मावशी म्हणाली. तिला सूर पुन्हा सापडला होता. "आणि मोठ्या अक्षरात. माझ्या भावाला चष्मा आहे."

थोरल्या बाई हसत हसत गेल्या. दार त्यांच्यामागे उघडंच राहिलं, आणि वाऱ्याने ते हलायला लागलं. तो उठला, बोटं अडकवली, धरून उभा राहिला. सवयच लागली होती.

ती त्याच्याजवळ गेली. "तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा चूक सोडलीत."

"दुसऱ्यांदा."

"पहिली कोणती?"

"त्या दिवशी रीळ गुंडाळायला तुम्हाला जेवढा वेळ लागला ना... तेवढा लागत नाही. मी नंतर रोज बघतोय. बरंच लवकर होतं ते." त्याचं हसू डोळ्यांतून निघालं होतं, वाटेत कुठेतरी अडखळत होतं. "ती चूक मी लगेच पकडली होती. बोललो नाही."

तिचे कान गरम झाले. "का नाही बोललात?"

"म्हटलं, बोललो तर... दुरुस्त कराल."

"आणि हे बटण? पहिल्या दिवसापासून लोंबतंय. एवढी मोठी चूक तुम्हाला दिसली नाही?"

"दिसली होती. कुणाला तरी दिसतेय का, ते बघत होतो."

तिने हात पुढे केला, आणि बटणाला बोट लागतं न लागतं तोच तो एकुलता दोरा तुटला. बटण टणटण करत टेबलाखाली गेलं. दोघंही ते शोधायला वाकली नाहीत. त्याला दार सोडता येत नव्हतं, आणि तिला तिथून हलता येत नव्हतं.

मागे डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज झाला.

"जावईबापू," मावशी म्हणाली.

"मावशी," ती ओरडली.

"बरं, खोटकाढे साहेब. नाव काय, मागाहून ठरवू." मावशीने डब्यात बोट फिरवलं. शुक्रावरून उरलेली बटणं खळखळली. दोन चमकती बटणं तिने तळहातावर ठेवली, एक मोठं चार भोकांचं, एक लहान दोन भोकांचं, आणि दोरा ओवलेली सुई भाचीच्या हातात दिली.

"कुठला तारा लावायचा तुम्हाला?" मावशीने विचारलं. "दूरचा की जवळचा?"

त्याने दार एका हाताने धरलं आणि दुसरा हात, उघड्या बाहीचा, तिच्यापुढे केला.

"जवळचा," तो म्हणाला.